बंदूक ठेवली, पुढे काय?

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात, त्यामुळे फौजेतून परतलेल्या माणसाने पुढे काय करायचे, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. अमेरिकेने तो १९४४ साली कायद्याने सोडवू पाहिला. ‘जी. आय. बिल’ म्हणून तो कायदा प्रसिद्ध आहे.

त्यामागे कृतज्ञतेइतकीच धास्तीही होती. पहिल्या महायुद्धाचा बोनस लवकर मिळावा म्हणून १९३२ साली हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनला येऊन बसले, तेव्हा सरकारने लष्कर आणून त्यांच्या झोपड्या उठवल्या. आता तर दीड कोटीहून अधिक माणसे परतणार होती. २२ जून १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी सही केली. फीसाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत, शिवाय एकट्याला दरमहा ५० आणि संसारी माणसाला ७५ डॉलर.

विद्वानांनी नाके मुरडली. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख हचिन्स यांना विद्यापीठांच्या जागी बेकारांचे तळ दिसू लागले. झाले भलतेच! १९४७ साली कॉलेजांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. बायकामुलांसह तात्पुरत्या बराकींत राहून ही थोराड मंडळी परीक्षा देत होती. सुमारे २२ लाखांनी कॉलेज गाठले. इतर प्रकारचे शिक्षण घेणारे धरले तर आकडा ७८ लाखांवर जातो.

इथपर्यंतची कथा सारेच अभिमानाने सांगतात. पण कायद्यात वर्णभेदाचा एक शब्द नसला, तरी अंमलबजावणी होती स्थानिक हातांत. मिसिसिपीचे खासदार जॉन रँकिन प्रतिनिधीगृहाच्या संबंधित समितीचे अध्यक्ष होते, आणि राज्यांचा अधिकार अबाधित राहावा यावर त्यांचा कटाक्ष होता. कॉलेजात कोणाला घ्यायचे यात केंद्राने लक्ष घालायचे नाही, असे ठरले. दक्षिणेतील गोऱ्यांची विद्यापीठे काळ्या सैनिकांना बंदच राहिली. काळ्यांची कॉलेजे थोडी, जागा त्याहून थोड्या. पात्रता असूनही कित्येकांना परत जावे लागले. दिल्लीचा कागद आणि तालुक्याची कचेरी यांतले अंतर आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

मूळ योजना १९५६ साली संपली. रँकिन यांच्याच मिसिसिपीत, राज्याच्या विद्यापीठात पहिला काळा विद्यार्थी दाखल झाला तो १ ऑक्टोबर १९६२ रोजी. आदल्या रात्रीच्या दंगलीत दोन माणसे मेली, केंद्राला सैन्य पाठवावे लागले. त्या विद्यार्थ्याचे नाव जेम्स मेरेडिथ. हवाई दलात नऊ वर्षे नोकरी करून तो परतला होता.