वीतभर कड्याची शाळा

चांदूर रेल्वे तालुक्यातल्या सावंगा विठोबाला गुढीपाडव्याची यात्रा भरते. कापूर पेटतो, सत्तरेक फूट उंच झेंड्यांची खोळ बदलली जाते आणि कृष्णाजी अवधूत महाराजांच्या परंपरेतली अवधूती भजनं टाळ-मृदंगावर रंगतात. मृदंग हे जड काम. तो गळ्यात अडकवायचा, एका पुडीला कणीक लावून स्वर जुळवायचा, आणि वाजवणाऱ्याचं सगळं लक्ष दोन्ही हातांत. गायचं दुसऱ्याने. या परंपरेत वाढलेल्या मुलाला ठेक्याची उत्तम जाण येते, पण समोरच्या गर्दीशी बोलायची सवय त्यातून लागेलच असं नाही. ती सवय या भागातल्या पोरांना लावली ती दुसऱ्या एका वाद्याने. त्या वाद्याचा माग काढत गेलं की वाट शेजारच्या तिवसा तालुक्यातल्या मोझरीला पोचते.

खंजिरी म्हणजे लाकडाचं वीतभर कडं. एका अंगाला ताणून बसवलेलं कातडं, म्हणजे पान, दुसरं अंग उघडं, आणि कड्याला पाडलेल्या खाचांमध्ये धातूच्या पातळ चकत्या. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताची बोटं पानावर चालवायची, मनगटाला झटका दिला की चकत्या झणकारतात. ठेका आणि झांज दोन्ही एका माणसाच्या हातात येतात आणि तोंड मोकळं राहतं. पाय मोकळे राहतात, म्हणजे चालता चालता, प्रभातफेरीत, वेशीपासून देवळापर्यंत वाजवता येते. पेटी न्यायला माणूस लागतो, तबल्याला बैठक लागते. खंजिरी पिशवीत मावते. पावसाळ्यात पान सैल पडलं तर चुलीच्या धगीवर शेकलं की पुन्हा बोलू लागतं. ज्याला गाता गाता लोकांना काही सांगायचं आहे, त्याच्यासाठी याहून सोयीचं वाद्य मला दिसत नाही.

तिचं कूळ मोठं आहे. कड्यावर एका बाजूने कातडं ताणलेली वाद्यं पश्चिम आशियापासून युरोपपर्यंत सापडतात. आपल्याकडे शाहिराचा डफ हा तिचा थोरला भाऊ, आणि जागरणात वाघ्याच्या हातात असते ती चकत्या नसलेली दिमडी ही जवळची बहीण. विदर्भातल्या खडी गंमतीतही डफ आहेच. दक्षिणेत याच घराण्यातल्या वाद्याने वेगळी वाट धरली. पुदुक्कोट्टईचे मान्पूंडिया पिळ्ळै (१८५९–१९२२) यांनी खंजिरीला कर्नाटक संगीताच्या मैफिलीत मानाची जागा मिळवून दिली. घोरपडीच्या कातड्याचं पान, त्याला आतून पाणी शिंपडून खोल केलेला स्वर, आणि मृदंगाशी जुगलबंदी करणारी लयकारी. तिथे खंजिरी तालशास्त्रात पारंगत झाली. वऱ्हाडात ती शब्दांच्या सेवेला लागली, आणि तरुणांच्या आयुष्याशी तिचा जो संबंध आला तो या फरकातून आला.

माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मला. घरची गरिबी, शाळा प्राथमिक इयत्तांपुढे गेली नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात तो भजनं म्हणू लागला, आणि गुरूंनीच दिलेल्या नावाने पुढे सगळा मुलूख त्याला तुकडोजी म्हणून ओळखू लागला. रामटेक, सालबर्डीच्या रानावनांत भटकलेला हा तरुण गावात परतला तेव्हा त्याच्या हातात खंजिरी होती. कातड्याची वाद्यं वाजवणं ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या वाट्याला टाकलेलं होतं, तिथे एका संताने असं वाद्य छातीशी धरून अस्पृश्यतेविरुद्ध गावं, ही गोष्ट मला त्यांच्या भजनांइतकीच बोलकी वाटते.

१९३५ मध्ये मोझरीला तुकडोजींचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून तुकडोजी सेवाग्रामला जवळपास महिनाभर राहिले. मग आला १९४२ चा ऑगस्ट आणि ‘चले जाव’ आंदोलन. आष्टी, चिमूर, बेनोडा, यावली ही गावं पेटली. त्यांत तुकडोजींची भजनं ऐकत वाढलेली तरुण पोरं होती, आणि सरकारने त्या भजनांचा धसका घेतला होता. तुकडोजींना चंद्रपुरात अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. संगीताने तरुण मनावर परिणाम होतो की नाही, यावर आज चर्चासत्रं होतात. इंग्रज सरकारला त्याची पुरती खात्री होती, आणि तिची किंमत तुकडोजींनी तुरुंगात मोजली.

स्वातंत्र्यानंतर याच खंजिरीचा सूर विधायक कामाकडे वळला. १९५५ मध्ये जपानला भरलेल्या विश्वधर्म परिषदेत ती वाजली. पण माझ्या लेखी त्याहून मोठं काम तुकडोजींच्या गावागावांतल्या श्रीगुरुदेव सेवामंडळांत झालं. पहाटे सामुदायिक ध्यान, सूर्यास्ताला सामुदायिक प्रार्थना, सगळ्या जातींची माणसं एका सतरंजीवर, आणि भजन. सकाळी गाव झाडायचं, संध्याकाळी गायचं. तुकडोजींच्या ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्या याच अनुभवातून आल्या. त्यात ‘जीवन शिक्षण’ असा अध्याय आहे आणि ‘भजन प्रभाव’ असाही आहे. ग्रंथकर्त्याला हे दोन्ही विषय एकाच गावाच्या घडणीचे वाटले.

आता या मंडळात दहा-बारा वर्षांचं पोरगं काय शिकतं ते बघा. आधी ते मागे बसून धरू लागतं. म्हणजे मुख्य गायकाने ओळ टाकली की ती ऐकायची, लक्षात ठेवायची आणि सगळ्यांच्या सुरात परत द्यायची. एकट्याने पुढे पळून चालत नाही, मागे रेंगाळूनही चालत नाही. मग हातात खंजिरी येते. आता हात एक काम करतो, तोंड दुसरं, आणि कान तिसरं. चुकलं तर सगळ्या मंडळाला कळतं. अक्षर चांगलं असेल तर भजनाची वही उतरवायचं काम त्याच्याकडे येतं, आणि शुद्धलेखन तिथे घोटलं जातं. शेवटी एक दिवस गायक आजारी असतो आणि मोठी माणसं म्हणतात, ‘आज तू म्हण रे बाबू.’ भरल्या पारासमोर उभं राहून आवाज लावणं, दोन कडव्यांच्या मध्ये थांबून भजनाचा अर्थ आपल्या वऱ्हाडीत समजावणं, हे ज्याने केलं त्याला पुढे वर्गात फळ्यासमोर किंवा मुलाखतीला साहेबांसमोर उभं राहायला भीती वाटत नाही. संगीताने गणितात गुण वाढतात का, असं पालक विचारतात. मला त्याचं उत्तर महत्त्वाचं वाटत नाही. गरीब घरातल्या पोराचं शिक्षण कितीदा तरी बुद्धीपेक्षा धिटाईवर अडतं, आणि धिटाई खंजिरी देते.

विदर्भाने भजन-कीर्तनाची ही ओळख वेगळ्या रीतीनेही जपली आहे. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये तुकडोजींचं नाव दिलं गेलं, अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं. एक खंजिरी वाजवून भजन म्हणणारा, दुसरा झाडू हातात घेऊन गाव झाडणारा आणि रात्री कीर्तन करणारा. दोघांपैकी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलं नव्हतं. ज्यांना पुरती शाळा मिळाली नाही त्यांनी गाऊन गाऊन दुसऱ्यांच्या मुलांना शाळेत पाठवलं. चांदूर रेल्वेच्या शेजारच्याच नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख त्याच काळात शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा उघडत होते. मला वाटतं, त्या शाळांचे वर्ग भरले त्यात या भजन-कीर्तनांचा वाटा मोठा आहे.

पुढची पिढी अकोला जिल्ह्यातल्या अकोटकडची. सत्यपाल महाराजांनी एका खंजिरीच्या सात केल्या. समोर मांडलेल्या सात खंजिऱ्या दोन हातांनी वाजवत ते व्यसन, हुंडा, अंधश्रद्धा, शेतकऱ्याची आत्महत्या यांवर बोलतात, देहदानाचं सांगतात. सप्तखंजिरी ऐकायला पोरं आधी वेगासाठी येतात, हे खरं. पण हात थांबतो आणि बोलणं सुरू होतं तेव्हाही ती बसून राहतात. शब्दासाठी ताल थांबवायचा, हे भान सत्यपाल महाराजांनी जुन्या खंजिरीकडूनच घेतलं आहे.

आज उन्हाळ्याच्या सुटीत सुसंस्कार शिबिरं भरतात. तिथे मुलं लाठीकाठी, मल्लखांब, श्रमदानाबरोबर खंजिरीही शिकतात. गावोगावी खंजिरी भजन स्पर्धा होतात. पुरुषांच्या जोडीला महिलांचे आणि मुलांचे गट असतात. शाळकरी मुली मुख्य गायनाला बसतात, एका हाताने ठेका धरून मागच्या सगळ्या बायांना सांभाळून नेतात; गुरुकुंजाने पेरलेलं सगळ्यांत चांगलं उगवलं ते इथे. पण याच स्पर्धांत मला एक काळजीही दिसते. कातड्याच्या जागी प्लॅस्टिकचं पान आलं त्याची फारशी खंत नाही. ते पावसात सैल पडत नाही आणि पोरांना परवडतं. खंत वेगाची आहे. टाळ्या मिळतात म्हणून ठेका इतका चढतो की ओळ ऐकूच येत नाही, आणि मग शेजारच्या डीजेत आणि या मंडळात ऐकणाऱ्याला फरक उरत नाही.

परीक्षकांनी शब्दाच्या स्पष्टतेला वेगळे गुण ठेवावेत. भजन संपल्यावर मुलाला त्याचा अर्थ विचारावा. आणि शाळांनी खंजिरी २६ जानेवारीपुरती कपाटातून न काढता रोजच्या परिपाठात आणावी. चांदूर रेल्वेच्या आठवी-नववीच्या पोरापोरींना सांगावं की चाल जुनी घ्या, शब्द तुमचे लिहा: यंदाच्या कापसाच्या भावावर, दहावीच्या निकालाच्या धास्तीवर, पुण्याला कामाला गेलेल्या भावावर. पहिली चार भजनं कच्ची निघतील. ती पाराजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांसमोरच म्हणायला लावावीत, कारण ताल चुकला की ते लगेच टोकतात आणि खरा शब्द आला की आपसूक मागून धरू लागतात.