अठ्ठेचाळीस

मतमोजणी म्हटली की आमच्याकडे टीव्ही सकाळी आठपासून लागतो. ४ जून २०२४ला देशाचं चित्र स्पष्ट झालं तरी तो बंद करवेना, कारण गोरेगावच्या नेस्कोमध्ये आमच्या वायव्य मुंबईचा निकाल काही केल्या लागत नव्हता.

दोन्हीकडे शिवसेनाच. धनुष्यबाणाचे रवींद्र वायकर, मशालीचे अमोल कीर्तिकर. वायकर मार्चपर्यंत ठाकरेंकडे होते, आणि अमोल यांचे वडील गजानन कीर्तिकर, म्हणजे २०१४ आणि २०१९ला इथूनच निवडून आलेले खासदार, शिंदेंकडे. कोण कोणाचं हे सांगताना आमच्या नाक्यावरचे जुने शिवसैनिकही अडखळत.

यंत्रांवरची मतं मोजून झाली तेव्हा कीर्तिकर ४,५१,०९५ आणि वायकर ४,५१,०९४. एक मत! जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा आणि दोन्ही अंधेऱ्या मिळून दोघांची नऊ लाखांवर मतं, आणि फरक एकाचा. टपाली मतांत कीर्तिकरांना १,५०१, वायकरांना १,५५०. झालं, वायकर ४८ मतांनी खासदार. बाद टपाली मतं १११ होती, म्हणजे फरकापेक्षा जास्त, म्हणून ती पुन्हा तपासली. निकाल बदलला नाही. कीर्तिकर हायकोर्टात गेले, ती याचिकाही डिसेंबर २०२४मध्ये फेटाळली गेली.

अशा वेळी जुन्या लोकांना १९५२ आठवतं. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या पहिल्या निवडणुकीत मोरारजी देसाई वलसाडकडे समाजवादी अमुल देसाईंकडून १९ मतांनी पडले. आणि तरी मुख्यमंत्री मोरारजीच झाले! त्या १९ जणांना काय वाटलं असेल, असा मला नेहमी प्रश्न पडतो. इथे निदान ४८ला ४८ची किंमत मिळाली.

आता कबुली. २० मेला मी मतदानाला गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं, रांग हलत नव्हती. तासाभराने म्हटलं, चहा घेऊन पाचला येऊ. आलो नाही. माझ्या एका मताने निकाल फिरला नसता, हे गणित मलाही कळतं. पण यंत्रांवरचा तो एकाचा फरक पाहिला आणि सोफ्यावर नीट बसवेना.

आई तेव्हा सत्त्याऐंशीची. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरून मत देता येतं, म्हणून तिचा फॉर्म मीच भरला होता. मतदानाच्या आधीच कर्मचारी घरी आले. तिने इस्त्रीचं पातळ नेसून, मला खोलीबाहेर काढून, मत दिलं आणि पाकीट स्वतः चिकटवलं. म्हणजे ज्या टपाली मतांनी निकाल फिरवला, त्यांत एक आमच्या घरचं होतं.

त्या रात्री मी तिला विचारलं, कोणाला दिलंस? ती म्हणाली, "तू आधी सांग, तू कोणाला दिलंस?"

मी टीव्ही बंद केला.