प्लेगच्या छायाचित्रांतली शुश्रूषा

शुश्रूषेच्या इतिहासासाठी छायाचित्र हा मोलाचा पुरावा आहे. मात्र ते कोणी आणि कशासाठी काढले हे आधी पाहावे लागते. मुंबईच्या प्लेगची छायाचित्रे घ्या. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी ही साथ ओळखली. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि तिच्या मोहिमेचे चित्रण कॅप्टन मॉस यांच्यासारख्या लष्करी अधिकाऱ्यानेच केले. घरांच्या झडत्या, जंतुनाशकांची फवारणी, इस्पितळांतल्या खाटांच्या रांगा यांतून साथीवर सरकारची पकड आहे, असे चित्र उभे राहते. मग हा प्रचारच समजून ती छायाचित्रे बाजूला का सारू नयेत? कारण माणसे कशी उभी करायची हे छायाचित्रकार ठरवतो, पण चौकटीत जे आपसूक येते त्यावर त्याचा ताबा नसतो. खाटांमधले अंतर, अंथरूण, परिचारकांचे कपडे, रुग्णाजवळ बसलेली माणसे यांची नोंद कोणत्याही अहवालापेक्षा तिथे अधिक बारकाईने होते.

यावर दुसरा आक्षेप असा की, मुक्या चित्रातून पाहणारा मनाजोगता अर्थ काढील. हा धोका खरा आहे, म्हणूनच चित्र कागदपत्रांशी ताडून पाहायला हवे. सरकारी इस्पितळात जात बाटेल, आपल्या माणसांपासून ताटातूट होईल, ही भीती मुंबईत इतकी खोल होती की अनेक जातीजमातींनी स्वतःची प्लेग इस्पितळे उभारली. हे ठाऊक असले की खाटेशेजारचा नातलग नुसता भेटीला आलेला वाटत नाही. पाणी पाजणारा, उशापायथ्याशी जागणारा तोच असावा, हे अनुमान सबळ ठरते. परिचारिकांच्या गणवेशापुरता शुश्रूषेचा इतिहास लिहिला, तर हे सारे श्रम त्यातून गळतात.

छायाचित्रांची खरी मर्यादा वेगळीच आहे: कॅमेरा सत्तेबरोबर हिंडत होता. पुण्याजवळ आपले दत्तकपुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ही सेवा आपल्यापर्यंत पोचली ती लोकांच्या आठवणींतून आणि लेखनातून. म्हणून चौकटीत कोण आहे याइतकेच, तिथवर कॅमेरा कोणाचा पोचला आणि कोणाकडे वळलाच नाही, हेही इतिहासकाराने विचारले पाहिजे.