वाकळीतला रंगविचार

कोल्हापूर परिसरात गोधडीला वाकळ म्हणतात. वाकळीवर लिहिताना हल्ली तिची तुलना आधुनिक चित्रकलेशी करण्याची रीत पडली आहे. आम्हांला ती अपुरी वाटते. चित्रकार हवा तो रंग घेतो. वाकळ शिवणारीपुढे रंग येई तो कपडा विरल्यावर. तिची निवड उरलेल्यातली होती. तरीही ती निवडच होती, हे आमचे म्हणणे.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. १९०६ साली राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात कापडगिरणीची पायाभरणी केली. पुढे हातमागाच्या लुगड्याशेजारी गिरणीचे छापील चीट वाकळीत येऊन बसले आणि रंगाचा प्रश्न अवघड झाला. दोन छापील तुकडे शेजारी आले की एकमेकांना मारतात. मध्ये सपाट रंगाची पट्टी लागते. लुगड्याचा अंगाचा भाग आधी विरतो, घट्ट विणीचा काठ मागे उरतो. म्हणून काठ वाकळीच्या कडेला जाई, जिथे ओढाताण अधिक. मळखाऊ गडद कापड वर, विटके धोतर आतल्या थरांत. गडद कापडावर पांढरा धावदोरा उठून दिसतो. टाका चुकला तर तोही दिसतो. सोय आणि शोभा यांची अशी फारकत इथे नव्हतीच.

या विरोधाचा खरा आधार विटणे हा होता. एकाच रंगाचे नवे आणि जुने कापड शेजारी आले की त्यातूनच उजेड-सावली तयार होई. पॉलिएस्टर सहसा विटत नाही, घामही टिपत नाही. आज वारावर कापड आणून, रंग जुळवून गोधड्या शिवल्या जातात. त्यांतून बायकांना मजुरी मिळते, ती आम्ही कमी लेखत नाही. पण त्या वाकळीत आजीचे इरकल बोट ठेवून दाखवता येत नाही.

सीमेपलीकडे हीच वस्तू कौदी होते. उत्तर कन्नडातील सिद्दी स्त्रिया तिच्या कोपऱ्यांवर कापडी फुले शिवतात. फुलांवाचून ऊब कमी होत नाही. वाकळीला केवळ गरिबीची खूण म्हटले तर शिवणारीची नजर पुसली जाते; केवळ कला म्हटले तर तिची चणचण. इतिहास लिहायचा तर दोन्ही एकाच टाक्यात धरावी लागतील.