बरगे घालायचे दिवस

हिरण्यकेशी आंबोलीच्या घाटमाथ्यावरून आजऱ्याला येते, तिथून आमच्या गडहिंग्लजात. पावसाळ्यात निलजीचा, ऐनापूरचा बंधारा पाण्याखाली जातो. चैत्रात मात्र याच नदीत पूर्वी वाळू दिसायची. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आला आणि ते चित्र पालटलं.

पाऊस सरला, की दगडी खांबांच्या खाचांत बरगे उतरवायचे. लाकडी फळ्यांच्या दोन रांगा, मधे चिकणमाती ठासून भरायची. मृगाआधी सगळं काढायचं, नाहीतर पुराला वाट मिळत नाही. हे वेळेवर झालं नाही तर गाळ साचतो, काठ खचतो.

माझे आजोबा दोन एकरांचे शेतकरी, कुठल्याही पदावर नव्हते. बरगे घालायच्या दिवशी मात्र सर्वांत आधी पाण्यात तेच. कमरेपर्यंत गारठ्यात उभं राहून माती पायानं दाबायचे. स्वतःच्या मिरचीला पाणी द्यायच्या आधी वरच्या वस्तीची पाळी विचारायचे. घरी आजी चिडायची, "आपलं रान वाळतंय की!" ते म्हणायचे, "नदी आपल्या एकट्याची हाय व्हय?"

सहकार म्हटलं, की कारखाने आठवतात. 1950 साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना धूर सोडू लागला. पुढं आमच्याकडं हरळीलाही कारखाना उभा राहिला. माळरानात ऊस आला. त्या कारखान्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. बरग्यांमागच्या मातीबद्दल फारसं नाही. मला ती माती जास्त मोलाची वाटते. ती दरवर्षी वाहून जायची आणि आजोबा दरवर्षी पुन्हा पाण्यात उतरायचे.