कोणतं सॉफ्टवेअर शिकू? एडिटिंगच्या यंत्रांचा शंभर वर्षांचा हिशेब

माझी पीएचडी संकलनाच्या यंत्रांच्या इतिहासावर आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग सांगा, प्रीमियर शिकू की रिझॉल्व्ह? आणि मशीन कोणतं घेऊ?" विचारणारा बहुतेक वेळा हप्त्यांवर मशीन घ्यायच्या बेतात असतो, त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. आज त्याचं उत्तर माझ्या विषयातूनच देऊन बघते. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलिवूडमध्ये एडिटिंगला यंत्रच नव्हतं. फिल्म उजेडासमोर धरायची, बोटांतून ओढत हालचालीचा अंदाज घ्यायचा, कात्रीनं कापायची आणि चिकटवायची. हे चिकटवायचं काम अनेकदा बायकांकडे असे, कारण ते शिवणकामासारखं हलकं काम समजलं जाई. मार्गारेट बूथ यांची सुरुवात अशाच तुकडे जोडण्याच्या कामातून झाली.

१९२४ मध्ये मुव्हिओला आलं. गंमत बघा, इवान सेरुरिए यांनी ते घरी सिनेमा बघण्यासाठी बनवलं होतं. किंमत ६०० डॉलर, त्यामुळे घेणारे मोजकेच. मग डग्लस फेअरबँक्स यांच्या स्टुडिओतल्या एका संकलकानं सुचवलं की हे आम्हाला कापताना उपयोगी पडेल. म्हणजे ज्या यंत्रानं पुढची कित्येक दशकं हॉलिवूडच्या एडिटिंग रूमवर राज्य केलं, ते मुळात एडिटिंगसाठी बनलंच नव्हतं! बूथ मात्र कात्रीकडून मुव्हिओलाकडे, मूकपटाकडून बोलपटाकडे सहज गेल्या. एमजीएममध्ये त्या १९६८ पर्यंत संकलन विभागाच्या प्रमुख होत्या आणि १९७८ मध्ये त्यांना मानद ऑस्कर मिळालं.

आता जरा फिल्मच्या काळातल्या एडिटिंग रूममध्ये डोकावू. प्रत्येक शॉट म्हणजे हातात धरता येणारी पट्टी. वापरलेले तुकडे टेबलावर, उरलेले खुंट्यांवर टांगलेले, आणि खाली कापडी पिशवी लावलेली पेटी. 'अपोकॅलिप्स नाऊ'साठी साडेबारा लाख फुटांच्या आसपास फिल्म होती, म्हणजे २३० तासांहून जास्त. त्यातून चार फ्रेमचा तुकडा शोधायचा तर कडेवरचे नंबर आणि सहायकाची वही हाच आधार. हा सहायक त्याच खोलीत उभा असे. तुकडे हातात देता देता दिग्दर्शक आणि संकलक कशावरून वाद घालतात, कोणता शॉट का पडतो, हे सगळं त्याच्या कानावर पडे. वेगळी शिकवणी लागत नसे.

१९७१ मध्ये सीएमएक्स ६०० हे संगणकावर चालणारं पहिलं नॉन-लिनियर यंत्र आलं. किंमत अडीच लाख डॉलरच्या घरात, आणि चित्र काळंपांढरं, धूसर. ते फारसं चाललं नाही. पण त्याच कंपनीच्या पुढच्या टेपवरच्या यंत्रांमधून एक साधी यादी रुळली: ईडीएल, म्हणजे कापांची नोंद. कोणत्या रीळमधून, कुठून कुठपर्यंत, आणि ते कुठे बसवायचं. ती यंत्रं केव्हाच भंगारात गेली, पण सीएमएक्स ३६०० पद्धतीची ही यादी आजही प्रीमियर, ॲव्हिड, रिझॉल्व्ह तिघंही काढून देतात. करून बघा. तुमच्या टाइमलाइनची ईडीएल एक्सपोर्ट करा आणि नोटपॅडमध्ये उघडा. समोर दिसेल ती त्या सहायकाची वहीच आहे.

१९८९ मध्ये ॲव्हिड बाजारात आलं. १९९६ चा 'द इंग्लिश पेशंट' वॉल्टर मर्च यांनी फिल्मवर कापायला घेतला होता, पण मध्येच ते ॲव्हिडकडे वळले, आणि डिजिटल संकलन झालेल्या चित्रपटाला संकलनाचं ऑस्कर पहिल्यांदा मिळालं. वेग वाढला, शोधाशोध संपली. पण एक गोष्ट गेली, आणि माझ्या प्रबंधाचा गाभा तीच आहे. यंत्र महाग, म्हणून दिवसा त्यावर संकलक बसणार आणि फुटेज चढवायचं, लावून ठेवायचं काम सहायक रात्री किंवा दुसऱ्या खोलीत करणार. नंबर आणि फाइली सहायकाकडे राहिल्या, पण तो वाद ऐकायची जागा गेली.

मग १९९९ मध्ये फायनल कट प्रो आलं, ९९९ डॉलरला. मर्च यांनी 'कोल्ड माउंटन' त्यावर केला. एडिटिंग रूम आता घरात मावू लागली. जून २०११ मध्ये त्याची नवी आवृत्ती, फायनल कट प्रो टेन, आली ती जुने प्रोजेक्ट उघडतच नव्हती. मल्टिकॅमही सुरुवातीला नव्हतं. कित्येकांच्या हातातली वर्षानुवर्षांची सवय एका दिवसात निरुपयोगी झाली. पण ज्यांनी जुन्या प्रोजेक्टची एक्सएमएल काढून ठेवली होती, त्यांना ती प्रीमियरमध्ये उघडता आली. पुन्हा नोंदच कामी आली.

उलट उदाहरणही घ्या. थेल्मा स्कूनमेकर यांच्या नावावर संकलनाची तीन ऑस्कर आहेत, आणि त्या वर्षानुवर्षं लाइटवर्क्सवर काम करत आल्या. नोकरीच्या जाहिरातीत 'लाइटवर्क्स येणं आवश्यक' असं तुम्ही कधी वाचलंय?

आता तुमचा प्रश्न. सॉफ्टवेअर शिकायचं ते जिथे काम मिळण्याची शक्यता आहे तिथलं. कुठलंच काम हातात नसेल तर रिझॉल्व्हपासून सुरुवात करा. एकेकाळी लाखो डॉलरच्या यंत्रणेत मिळणाऱ्या या प्रणालीची फुकट आवृत्ती २०११ पासून मिळते. दुसरं सॉफ्टवेअर नंतर शिकावं लागेलच, त्याला घाबरू नका.

मशीन घेताना सगळे पैसे प्रोसेसरवर घालवू नका. साधं मशीन असलं तरी प्रॉक्सी बनवून, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रतींवर, काम निभावतं. हार्डडिस्क गेली तर मात्र काहीच निभावत नाही. म्हणून मूळ फुटेजच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. फाइलींना अशी नावं द्या की तुम्ही आजारी पडलात तरी दुसऱ्या कुणाला प्रोजेक्ट उघडून पुढे नेता येईल. प्रत्येक काम संपलं की ईडीएल किंवा एक्सएमएल काढून फुटेजसोबत ठेवा.

आणि खोली. पहिली नोकरी बहुधा फुटेज लावण्याची, सिंक करण्याचीच मिळेल. ती घ्या, बूथही तुकडे चिकटवतच आल्या होत्या. फक्त आधीच बोलून ठेवा, की दिग्दर्शक बघायला येतील त्या दिवशी मला मागच्या खुर्चीवर बसू द्या, मी मध्ये बोलणार नाही. पगार ठरवताना दोनशे रुपये कमी-जास्त होतील तेव्हा फार ताणू नका. या खुर्चीसाठी मात्र ताणा.