हक्क, पण परवानगीने

१९७१चा गर्भपाताचा कायदा बाईच्या हक्कासाठी झाला, असा सार्वत्रिक समज आहे. तो नीट वाचला तर कवच मिळालंय ते डॉक्टरांना. १८६०च्या दंडसंहितेत कलम ३१२खाली गर्भपात हा गुन्हाच होता, अपवाद फक्त बाईचा जीव वाचवण्याचा. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने १९६६ साली अहवाल दिला आणि पुढे अटी पाळणारा नोंदणीकृत डॉक्टर शिक्षेतून सुटला. बाईने नुसतं 'नको' म्हणणं मात्र पुरेसं धरलं गेलं नाही. गर्भनिरोधक फसल्याचं कारणही विवाहितेपुरतंच होतं.

हक्काची भाषा आली ती कोर्टातून. चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहात बौद्धिक अक्षमता असलेल्या एका तरुणीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला, पण तिला बाळ हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली तिची बाजू घेतली आणि मूल होऊ द्यायचं की नाही हा निर्णय घटनेच्या कलम २१मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला. गर्भपाताच्या परवानगीसाठी आज वकील ज्या निकालाचा आधार घेतात, तो मुळात मूल ठेवू पाहणाऱ्या बाईचा आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कारण तिथे प्रश्न गर्भपाताचा नव्हता, निर्णय कुणाचा याचा होता.

२०१६ साली हाच धागा भायखळ्याच्या तुरुंगात पोचला. पाहणीला गेलेल्या सत्र न्यायाधीशांना तिथे एक गरोदर कच्ची कैदी भेटली. पदरात आजारी तान्हं मूल, दुसरं तिला झेपणार नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. ताहिलरमाणी आणि न्या. मृदुला भाटकर यांनी स्वतःहून दखल घेतली: शरीर तिचं, निर्णय तिचा, आणि तुरुंगात गेल्याने तो हिरावला जात नाही.

२०१७चा सर्वोच्च न्यायालयाचा खासगीपणाच्या हक्काचा निकाल याच वाटेवरचा. गर्भपाताच्या कायद्यात २०२१च्या दुरुस्तीने 'पती'च्या जागी 'जोडीदार' आला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. चंद्रचूड यांच्या पीठाने गर्भपाताची चोवीस आठवड्यांपर्यंतची मुभा अविवाहितेलाही दिली, आणि या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कार मानला.

पण २०२३ साली बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर उपचार घेणाऱ्या, दोन मुलांच्या आईला त्याच न्यायालयात आधी गर्भपाताची परवानगी मिळाली. मग दोन न्यायमूर्तींचं मत फुटलं आणि तीन न्यायमूर्तींनी ती नाकारली. सव्वीस आठवडे झाले होते. तो पेच अवघड होता, हे मान्य. पण अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतही बाईचा शब्द पुरत नाही, डॉक्टरांचं मत लागतंच, याचं समर्थन मला कुठल्याच निकालात सापडत नाही.